ट्रॅक्टरची बैठक दिवाणखान्यात : आकिल्ले कास्तिल्योनी आणि घरातल्या मिश्कील वस्तू

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



मागच्या व्याख्यानात आपण सौंदर्य आणि उपयुक्तता यांच्या जुन्या भांडणाबद्दल बोललो. शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, कान्ट वगैरे ठीक आहे, पण हे भांडण रोजच्या वस्तूंमध्ये मिटवून दाखवणारा एखादा माणूस सांगा ना." तेव्हा वेळ संपली होती. आज त्या माणसाबद्दल बोलतो. त्याचं नाव आकिल्ले कास्तिल्योनी. इटलीतल्या मिलान शहरात १९१८ साली जन्म, आणि तिथेच २००२ साली मृत्यू. शिक्षणाने आर्किटेक्ट. आयुष्यभर त्यांनी काय केलं, तर दिवे, स्टुलं, चमचे, रेडिओ, अ‍ॅश ट्रे आणि विजेची बटनं केली. त्यातल्या बऱ्याच वस्तू बघितल्यावर आधी हसू येतं.

पण मला पहिल्यांदा हसू आलं नाही, राग आला. ते का, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याने मला एका स्टुलाचा फोटो दाखवला होता. ट्रॅक्टरवर चालक बसतो ती पत्र्याची, भोकं असलेली, खोलगट बैठक तुम्ही पाहिली असेल. तीच बैठक, तशीच्या तशी. खाली वाकवलेल्या पोलादी पट्टीचा एकच पाय, आणि जमिनीवर टेकायला लाकडाचा एक आडवा दांडा. स्टुलाचं नाव 'मेद्झाद्रो'. मी विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, "सर, इटालियनमध्ये मेद्झाद्रो म्हणजे अर्ध्या वाट्याने दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी."

आता माझे वडील अर्धेलीने जमीन कसायचे. निम्मं पीक मालकाच्या घरी जायचं. आणि हे स्टूल श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ठेवतात, त्याच्या किमतीत आपल्याकडच्या शेतमजुराची काही महिन्यांची मजुरी जाईल. मला वाटलं, ही कसली थट्टा? ज्याचं बूड उन्हात भाजलं, त्याच्या बैठकीवर बसून हे लोक कॉफी पिणार?

हा प्रश्न मी आज शेवटपर्यंत हातात धरून ठेवणार आहे. तुम्हीही धरा.

तीन भाऊ

आधी माणसाची ओळख करून घेऊ. वडील जान्निनो कास्तिल्योनी हे शिल्पकार होते. तीन मुलगे. थोरला लिव्हिओ, मधला पिएर जाकोमो, धाकटा आकिल्ले. थोरले दोघे आधी या व्यवसायात आले. १९४० च्या मिलानच्या त्रिएन्नाले प्रदर्शनात त्यांनी आर्किटेक्ट लुइजी काच्चा दोमिनिओनी यांच्याबरोबर केलेला रेडिओ मांडला होता. तोवर रेडिओ म्हणजे लाकडी कपाट. यांनी तो बेकेलाइटचा केला, साधारण टेलिफोनसारखा दिसणारा. म्हणजे 'हे यंत्र आहे, तर यंत्रासारखं दिसू दे, कपाटाचं सोंग कशाला?' हा विचार त्या घरात आधीपासून होता.

आकिल्ले १९४४ साली मिलानच्या पॉलिटेक्निकमधून आर्किटेक्ट होऊन बाहेर पडले. तेव्हा युद्ध चालू होतं, बॉम्बहल्ल्यांनी शहराचे मोठे भाग पडले होते. नव्या आर्किटेक्टला इमारतींची कामं कुठून मिळणार? म्हणून वस्तू. पुढे १९५२ साली लिव्हिओ स्वतंत्र झाले, आणि उरलेल्या दोघांनी सोळा वर्षं एकत्र काम केलं. कोणती कल्पना कोणाची, हे त्यांनी वेगळं काढून सांगितलं नाही. आपल्याकडे भाऊ भाऊ बांधावरून कोर्टात जातात. हे दोघे एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकच दिवा काढत होते. (हशा)

हसू कुठून येतं

१९५७ साली कोमो सरोवराच्या काठच्या व्हिला ओल्मो इथे एक प्रदर्शन भरलं. विषय होता आजच्या घरातले रंग आणि आकार. दोघा भावांनी एक खोली मांडली. त्यात मेद्झाद्रो होतं, आणि 'सेल्ला' नावाचं दुसरं एक स्टूल होतं. सेल्ला म्हणजे खोगीर. सायकलचं सीट, खाली एक दांडा, आणि तळाला अर्धगोल लोखंडी बूड. ते सरळ उभं राहतच नाही, डुलत राहतं. तुम्ही बसलात तर तुमचे पाय त्याला सांभाळतात.

हे कशासाठी? फोनवर बोलण्यासाठी. तेव्हाचा फोन भिंतीला बांधलेला. बोलताना माणूस धड उभा राहत नाही, धड बसत नाही. त्याला हलायचंही असतं आणि टेकायचंही असतं. कास्तिल्योनींनी हे पाहिलं होतं, आणि त्या 'अर्धवट बसण्या'साठी आसन केलं.

इथे आपल्याला कान्टकडे जायला हवं. कान्ट १७९० च्या ग्रंथात हसण्याबद्दल सांगतो, की ताणलेली अपेक्षा अचानक शून्यात विरली, की आपण हसतो. विनोद ऐकताना तेच होतं. पण या स्टुलांच्या बाबतीत अपेक्षा शून्यात विरत नाही. तुम्ही आधी हसता, 'अरे, हे सायकलचं सीट!' मग बसता. आणि बसल्यावर लक्षात येतं की अंगाला हे बरोबर बसतंय. म्हणजे हसू विरून त्याच्या जागी समज येते. विदूषकी वस्तू आणि मिश्कील वस्तू यांच्यातला फरक हाच. विदूषकी वस्तू हसवून संपते. मिश्कील वस्तूचं काम हसल्यानंतर सुरू होतं.

कोणी म्हणेल, हे तर मार्सेल द्युशाँने आधीच केलं होतं. १९१३ साली त्याने सायकलचं चाक स्टुलावर उलटं बसवलं, १९१७ मध्ये मुतारीचं भांडं कलाकृती म्हणून पाठवलं. कास्तिल्योनींना द्युशाँ माहीत होता, यात शंका नाही. पण दिशा बघा. द्युशाँ वस्तू उचलतो आणि तिचा वापर काढून घेतो. त्या चाकावरून कुठे जाता येत नाही, त्या स्टुलावर बसताही येत नाही. कास्तिल्योनी वस्तू उचलतात आणि तिला नवा वापर देतात. एकाने वस्तू हातातून काढून डोळ्यांपुढे ठेवली, दुसऱ्याने ती पुन्हा माणसाच्या अंगाला लावली.

कारण विचारा, उत्तर मिळेल

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध दिवा 'आर्को'. १९६२ सालचा. आर्को म्हणजे कमान. अडचण साधी होती. जेवणाच्या टेबलावर वरून उजेड हवा, पण छताला भोक पाडायचं नाही, आणि टेबल हलवलं तर दिवाही हलला पाहिजे. रस्त्यावरचा दिवा हे काम करतोच, तो खांबावरून पुढे वाकून रस्त्यावर उजेड टाकतो. तोच घरात आणला. पोलादाची सुमारे दोन मीटर पुढे येणारी कमान, आणि तोल सांभाळायला संगमरवराचा सुमारे पासष्ट किलोचा ठोकळा. कमान इतकी पुढे येते की टेबलाभोवती बसलेल्यांच्या पाठीमागून ताट घेऊन माणूस जाऊ शकतो.

आता त्या ठोकळ्याला मध्ये एक भोक आहे. लोकांना वाटतं नक्षी असेल. नक्षी नाही. त्या भोकात झाडूचा दांडा घालायचा, आणि दोघांनी दोन्हीकडून धरून दिवा उचलायचा. ठोकळ्याच्या कडा तासलेल्या आहेत, का? तर येता-जाता कोणाला लागू नये म्हणून. वरच्या टोपीला भोकं आहेत, का? तर बल्बची उष्णता बाहेर जावी म्हणून. प्रत्येक 'का'ला उत्तर आहे. मला तत्त्वज्ञानाच्या किती ग्रंथांबद्दल हे म्हणता येईल, शंका आहे. (हशा)

त्याच वर्षीचा 'तोयो' हा दिवा पाहा. नाव इंग्रजी 'टॉय'वरून घेतलं, म्हणजे खेळणं. वर मोटारीचा हेडलाइट लावलेला. तो चालायला ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि ट्रान्सफॉर्मर जड असतो. मग तो लपवायचा कशाला? तोच खाली वजन म्हणून ठेवला. वायर वर न्यायला मासे धरायच्या गळाच्या कड्या लावल्या. आणि १९७२ चा 'लाम्पादिना'. एक मोठा उघडा बल्ब, आणि त्याचं बूड म्हणजे वायर गुंडाळायचं रीळ. जितकी वायर हवी तितकी सोडा.

अ‍ॅश ट्रेची गोष्ट मला फार आवडते. कास्तिल्योनी स्वतः सतत सिगरेट ओढायचे. काम करताना सिगरेट काठावर ठेवायची, विसरायची, ती जळत जळत टेबलावर पडायची. त्यांनी गोल भांड्याच्या काठाला आतून एक स्प्रिंग बसवली. तिच्या वेढ्यात सिगरेट अडकते आणि पडत नाही. धुवायच्या वेळी स्प्रिंग काढून ठेवायची. स्वतःच्या विसरभोळेपणाकडेही त्यांनी इतक्या बारकाईने पाहिलं होतं.

आणि तेल-व्हिनेगरची भांडी. ओतताना झाकण उघडायला दुसरा हात लागतो, हा सगळ्यांचा अनुभव. यांनी झाकणाला पलीकडून छोटं वजन दिलं. भांडं कललं की झाकण आपोआप उघडतं, सरळ केलं की मिटतं. माशी जात नाही, दुसरा हात लागत नाही.

विद्यार्थ्यांना ते कसं शिकवायचे? १९७० च्या दशकात तुरिनमध्ये, नंतर मिलानमध्ये ते प्राध्यापक होते. वर्गात येताना पिशवी भरून वस्तू आणायचे. कात्र्या, चष्मे, खेळणी, हातोड्या, गोठ्यात धार काढताना वापरायचं स्टूल. या वस्तूंचा कर्ता कोणालाच माहीत नसतो. एकेक काढून दाखवायचे आणि ती अशी का आहे ते सांगायचे. कुतूहल नसेल तर हा व्यवसाय सोडून द्या, असं ते स्पष्ट सांगत. माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी वर्गात फक्त खडू घेऊन गेलो. आता वाटतं, एक अडकित्ता जरी नेला असता, तरी साध्य-साधनाचा धडा मुलांना लवकर कळला असता.

तुम्हाला आठवत असेल, चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने १९५८ साली भारत सरकारला अहवाल दिला, त्यात आपल्या लोट्याचं मोठं कौतुक आहे. लोटा कोणी डिझाइन केला? कोणीच नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी मिळून केला. म्हणजे त्याच काळात जगाच्या दोन टोकांना हुशार माणसं एकाच गोष्टीकडे बघत होती : बिननावाच्या वस्तूतली अक्कल.

दिसणारी वस्तू आणि न दिसणारी वस्तू

आता एक अडचण. हायडेगर १९२७ च्या ग्रंथात हातोडीचं उदाहरण देतो. सुतार काम करत असताना हातोडी त्याला दिसत नाही. त्याचं लक्ष खिळ्यावर असतं. हातोडी दिसते कधी? मोडली, हरवली, अडली की. म्हणजे चांगलं साधन नजरेआड होतं. मग मिश्कील वस्तू तर सारखी 'मला बघा, मला बघा' म्हणते. ती चांगलं साधन कशी?

याचं उत्तर कास्तिल्योनींनी वस्तूंनीच दिलं. १९६८ साली दोघा भावांनी वायरीवर मध्येच बसणारं एक बटन केलं. टेबललॅम्पच्या वायरीवर असतं ना, तसं. नाव 'रोम्पित्रात्ता'. रात्री अंधारात हात गेला की बोटांना ते चाचपून कळतं, आणि सरकवलं की छान 'टिक' आवाज येतो. हे बटन विजेच्या सामानाच्या दुकानात साध्या किमतीला मिळायचं. असंख्य घरांत ते गेलं. घेणाऱ्याला कोणी केलं हे माहीत नव्हतं, विचारावंसंही वाटलं नाही. आणि कास्तिल्योनी सांगत, की मला सर्वांत जास्त अभिमान याचाच आहे.

तसाच १९६२ सालचा चमचा. मेयोनेझ बनवणाऱ्या कंपनीसाठी जाहिरातीची वस्तू म्हणून केलेला, प्लास्टिकचा. त्याची कड बरणीच्या गोलाईला अशी लागते की तळाचं शेवटचं बोटभरसुद्धा निघतं. आपल्या आया लोणच्याच्या बरणीत शेवटी हात घालायच्या, त्याच गरजेचं उत्तर.

म्हणजे दोन प्रकार झाले. काही वस्तू दिसेनाशा होऊन सेवा करतात. काही वस्तू क्षणभर दिसतात, हसवतात, आणि 'तू कसा बसतोस, कसा ओततोस, कसा विसरतोस' हे तुझं तुलाच दाखवतात. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. करणाऱ्याने कधी न भेटलेल्या माणसाकडे लक्ष दिलेलं असतं. अनोळखी माणसाबद्दलच्या या कुतूहलाला मी नीतीच म्हणेन. आपण नीती म्हणजे मोठमोठे निर्णय समजतो. पण परक्याच्या गुडघ्याला लागू नये म्हणून दगडाची कड तासणं, हीसुद्धा नीतीच.

भाऊ गेल्यावर

रोम्पित्रात्ता आलं त्याच वर्षी, १९६८ मध्ये, पिएर जाकोमो वारले. आकिल्ले पन्नास वर्षांचे होते. ज्याच्याशी बोलत बोलत विचार करायची सवय, तोच गेला. अशा वेळी माणूस थांबतो, किंवा 'आता सगळं माझंच' म्हणतो. आकिल्लेंनी दोन्ही केलं नाही.

एक उदाहरण देतो. पिओ मान्झू नावाचा तरुण डिझायनर १९६९ मध्ये मोटार अपघातात गेला. त्याने एका दिव्याची कल्पना कागदावर ठेवली होती : उभा दांडा, त्यावर वरखाली होणारा दिवा. कास्तिल्योनींनी ती हाती घेतली. दांड्याऐवजी छतापासून जमिनीपर्यंत ताणलेली पोलादी तार घेतली, खाली वजन लटकवलं, आणि कंसासारखी वाकवलेली नळी त्या तारेवर चढवली. घर्षणामुळे नळी ठेवाल तिथे राहते. स्क्रू नाही, खिट्टी नाही. दिव्याचं नाव 'पारेन्तेझी', म्हणजे कंस. १९७१ साली तो बाजारात आला, १९७९ मध्ये त्याला इटलीचा 'कोम्पास्सो द'ओरो' हा मानाचा पुरस्कार मिळाला. त्यावर नाव दोघांचं आहे. स्वतःचा भाऊ गमावलेल्या माणसाने एका गेलेल्या मुलाचं अर्धं काम पुरं केलं, आणि त्याचा वाटा त्याच्या नावावर ठेवला.

पुन्हा अर्धेलीकडे

वाटा हा शब्द आला, म्हणून आता माझ्या रागाकडे येतो.

मेद्झाद्रो प्रदर्शनात आलं १९५७ साली. बाजारात यायला पुढे तेराएक वर्षं गेली. त्या काळात इटलीतली खेडी रिकामी होत होती, माणसं मिलान-तुरिनच्या कारखान्यांकडे जात होती. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करायला बंदी आली. म्हणजे स्टूल बनू लागलं तेव्हा मेद्झाद्रो माणूसच नाहीसा होऊ लागला होता.

आणि १९५७ हे साल माझ्या घरातही आहे. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. मुंबई राज्याच्या कूळकायद्याने त्या दिवशी कसणाऱ्या कुळांना जमिनीचा मालक होण्याचा हक्क मिळाला. मी लहान होतो. वडिलांच्या नावावर तुकडा यायला आणखी वर्षं लागली, पण घरात तो दिवस सणासारखा सांगितला जायचा. माझ्या आठवणीत ते मोट हाकताना आहेत. बैल धावेवरून उतरू लागले, की ते नाड्यावर बसायचे. धड बसलेले नाहीत, धड उभे नाहीत. अंगाचं वजन दोराला द्यायचं, आणि दोर खालीवर व्हायचा तसं अंग सोडायचं.

सेल्लाचं ते 'अर्धवट बसणं' मी वाचलं, तेव्हा मला पहिल्यांदा ते नाड्यावर बसणं आठवलं. इतकी वर्षं मी ते पाहिलं होतं, पण त्यात काही पाहण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केली, आणि वडिलांच्या बसण्यातली अक्कल मला मिलानच्या एका माणसाच्या स्टुलामुळे दिसली. हे मी कौतुकाने सांगत नाही, थोड्या शरमेने सांगतो.

मग राग गेला का? अर्धा गेला. (हशा) अर्धेलीचाच हिशोब म्हणा. कास्तिल्योनींनी शेतकऱ्याची थट्टा केली नाही, हे मला आता पटलंय. दगदगीच्या कामासाठी घडलेला तो पत्रा त्यांना घडीव खुर्चीपेक्षा शहाणा वाटला, त्यांनी त्यात काही बदल केला नाही, आणि नावात त्या शेतकऱ्याचं ऋण लिहून ठेवलं. पण उरलेला अर्धा राग मी सोडत नाही. वस्तूमागची नजर उदार असली तरी बाजार उदार नसतो. आर्को एका व्यवहारी अडचणीचं उत्तर होतं, ते श्रीमंतीचं चिन्ह झालं. कास्तिल्योनींच्याच एका रेकॉर्ड प्लेअरचा, 'डेव्हिड बोवीच्या घरातला' म्हणून, २०१६ साली लंडनला लिलाव झाला आणि अंदाजाच्या कित्येक पट किंमत आली. मेद्झाद्रोवर कधीच कोणी मेद्झाद्रो बसला नसेल. म्हणूनच मला वाटतं, कास्तिल्योनींना त्या छोट्या बटनाचा अभिमान सर्वांत जास्त होता यात विनय नव्हता. आपलं काम कुठे खरं पोचलं, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

मिलानमध्ये पियात्सा कास्तेल्लोवर त्यांचा स्टुडिओ होता, तो पुढे लोकांना पाहण्यासाठी खुला झाला. पण त्यासाठी मिलानला जायची गरज नाही. आज घरी गेलात की स्वयंपाकघरातली एक जुनी वस्तू हातात घ्या. सांडशी घ्या, पळी घ्या, विळी असेल तर फारच छान, फक्त जपून. (हशा) आणि विचारा, ही अशी का आहे? हिची मूठ इथेच का वळली? हिच्यावर कोणाच्या हाताचा विचार झालाय? उत्तर लगेच येणार नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती आहेत तोवर विचारा. मला हे सुचलं तेव्हा विचारायला वडील नव्हते.

पुढच्या वेळी हायडेगरच्या हातोडीवर सविस्तर बोलू. आज इथेच थांबतो.